थोरल्या बाईसाहेबांची भुवई

"काकू, तुम्ही आमच्या घरी नक्की कोणाला पाठवलंय?"

फोनवर निकिता होती. रोह्याच्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकाची नवी सून. आवाज इतका बारीक, की मला वाटलं घरात कोणी आजारी आहे.

"कोणाला म्हणजे? गौर पाठवलीय," मी म्हटलं.

"गौर नाय ती, काकू. थोरल्या बाईसाहेब हायत. आई ओट्यावर जाऊन बसल्यात. आत यायला तयार नायत."

मी पेणला आमच्या कारखान्यात बसले होते. कारखाना म्हटलं की लोकांना धुराडं आठवतं. पेणमध्ये गणपती जिथे घडतात त्या जागेला कारखाना म्हणतात, मग ती घराची पडवी का असेना. वर्षभर आम्ही तिथे मान मोडून काम करतो आणि चतुर्थी झाली की फळ्या एकदम मोकळ्या होतात. गौरी यायच्या दिवशी तर मी कोणाचं ऐकत नाही. चहा घेते, पाय पसरते आणि गडबडीत राहून गेलेले मालिकेचे भाग मोबाईलवर बघते. त्या दिवशीही तोच बेत होता.

निकिताने फोटो पाठवला. मी तो उघडला आणि हातातला चहा साडीवर सांडला.

पाटावर माझ्याच हातचा गौरीचा मुखवटा ठेवलेला होता आणि त्याची डावी भुवई वर गेली होती. थोडीथोडकी नाही, पार कपाळाच्या मध्यापर्यंत. ओठाचा एक कोपरा दाबलेला, डोळे तिरके. आता ही बाई कोणाला तरी विषाचं सरबत देणार, असं स्पष्ट दिसत होतं.

मी यांना हाक मारली. आमचे हे साचे आणि डिलिव्हरी बघतात, आखणी माझ्याकडे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे, भुवया, ओठ काढणं. हे सगळ्यात शेवटचं काम. तोवर ती माती असते, आखणी झाली की ती आपल्याकडे बघायला लागते. यांनी फोटो पाहिला, चष्मा लावला, परत पाहिला.

"डिट्टो," हे म्हणाले. "काय जमलीय गं."

आम्ही दोघं हसत सुटलो. फोन चालूच होता हे लक्षातच राहिलं नाही.

"हसू नका हो, काकू," निकिताचा आवाज आला. "आई म्हणतायत, हिच्यापुढे माझा ओवसा होणार नाय."

तिथे आमचं हसू थांबलं.

आता हे सगळं नीट सांगायला हवं. दोन वर्षं झाली, संध्याकाळी एक ऐतिहासिक मालिका लागते. एका जुन्या सरदार घराण्याची गोष्ट. त्या सरदाराच्या दोन बायका. धाकल्या बाईसाहेब म्हणजे साक्षात साखर. थोरल्या बाईसाहेब म्हणजे बघायलाच नको. त्यांची डावी भुवई वर गेली की मागे तुतारीसारखं काहीतरी वाजतं आणि आपण समजायचं, कोणाचं तरी वाटोळं होणार. आमच्या कारखान्यात ती मालिका काम करता करता बघितली जाते. मी तर एकही भाग सोडत नाही. त्यात खरं किती आणि खोटं किती, हे मी कधी विचारत बसले नाही. मी स्वतः डोळे आखते. त्यांना दिसत नाही हे मला माहीत आहे, तरी बुबुळावर शेवटचा ठिपका दिला की मी पदर सारखा करते. मालिकेचंही माझं तसंच आहे.

आता ऑर्डर. निकिताच्या सासूबाई, मालतीताई, यांचा फोन आला तेव्हा आमच्याकडे स्प्रेचा कंप्रेसर घरघरत होता. त्या ओरडून म्हणाल्या, "यंदा गौर थोरली करा हां. आनि तोंड त्या सिरियलीतल्या बाईसाहेबांवानी. तेज पायजे."

काही घरांत दोन गौरी बसतात, थोरली आणि धाकटी. थोरलीचा मुखवटा मोठा असतो. त्यावरून आमच्या धंद्यात मुखवट्याच्या साइजलाच थोरली, धाकटी म्हणतात. घरात एकच गौर असली तरी. मालतीताईंना हवा होता मोठ्या साइजचा मुखवटा आणि चेहरा धाकल्या बाईसाहेबांचा. त्यांच्या घरी बाईसाहेब म्हणजे धाकल्याच. थोरल्यांना त्या घरात बाईसाहेब म्हणत नाहीत, सटवी म्हणतात. हे मला कुठून माहीत असणार?

मी ऐकलं ते असं, की थोरली करा, सिरियलीतल्या बाईसाहेबांवानी, तेज पायजे. मला तर आनंदच झाला. वर्षानुवर्षं त्याच शांत, सोज्वळ भुवया काढून हात कंटाळला होता. खलनायिकेसारखी गौर मागणारी बाई म्हणजे काय हिंमतीची, असं मी यांना कौतुकाने सांगितलंसुद्धा. मी ती भुवई काढायला पूर्ण दुपार घेतली.

आणि ओवसा. नव्या सुनेची गौरीपुढची ही पहिली पूजा. माहेरची माणसं सुपं भरून आणतात. सुपात पानं, काकडी, फळं, खण, नारळ. सून ती सुपं गौरीसमोर ओवसते, म्हणजे ओवाळते, मग घरातल्या मोठ्यांना देते आणि मोठी माणसं तिला काहीतरी देतात. त्यानंतर ती त्या घरची खरी सून, असं आमच्याकडे धरतात. पण हे दरवर्षी होत नाही. गौरी पावसाच्या पूर्वा नक्षत्रात आल्या तरच नवीचा ओवसा, नाहीतर थांबायचं. त्या वर्षी पूर्वा नक्षत्रातल्या गौरी होत्या. पुढल्या वर्षी नाहीत, हे त्यांनी पंचांगात बघून ठेवलेलं. निकिताचं माहेर गडबला. तिच्या आईने सुपं भरून ठेवली होती आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती.

"दुसरा मुखवटा देता येईल का?" निकिताने विचारलं.

मी फळ्यांकडे बघितलं. एक मुखवटा उरला होता, त्याचं नाक गेलेलं होतं.

"मी येते," मी म्हटलं. "आईंना सांग, मुखवटा आहे तिथेच ठेवा, गौर अजून पावलांवरून आत घेऊ नका. ती आत आली की मी ब्रश लावणार नाही."

आमच्याकडे हा नियम आहे. गौर हळदी-कुंकवाच्या पावलांवरून घरात आली की ती देवी. त्याआधी ती माझं काम. संध्याकाळी ती आत घ्यायची होती, म्हणजे मला तोवरच वेळ होता.

बॉडी कलरचा डबा उघडला तर वर साय धरलेली. खालचा रंग ढवळून बाटलीत घेतला, झिरो नंबरचे ब्रश घेतले, बारीक पॉलिश पेपर घेतला आणि आम्ही टेम्पोने निघालो. वडखळपर्यंत गाड्यांची रांग. गडबला रस्त्याकडेला काकड्या आणि तेरड्याच्या जुड्या घेऊन बायका बसलेल्या. मी सारखी यांना म्हणत होते, भरभर चालवा. हे म्हणत होते, खड्डे तू आखून दे, मी त्यातून चालवतो.

रोह्याला पोचलो तर मालतीताई खरंच ओट्यावर, दाराकडे पाठ करून बसलेल्या. निकिताचा नवरा कंपनीत सेकंड शिफ्टला गेला होता. शिफ्ट नव्हती, अदलाबदल करून घेतली होती, असं नंतर कळलं. शहाणा मुलगा.

"सुमनताई, बसा," मालतीताई म्हणाल्या. "पानी नंतर देते. आधी मला सांगा, मी तुमचं काय वाईट केलं?"

मी थोरली-धाकटीचा घोळ समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक झाली ती झाली. पन त्या बाईनं काल सांजच्याला काय केलं, बगितलंत ना?"

बघितलं होतं. अख्ख्या जिल्ह्याने बघितलं असणार. धाकल्या बाईसाहेब पोटुशी. थोरल्यांनी हसत हसत त्यांना सरबताचा पेला दिला. त्यांनी तो ओठाला लावला, भुवई वर गेली, तुतारी वाजली आणि भाग संपला.

"पोटुशीला विष देनारी बाई," मालतीताई म्हणाल्या. "तिच्याफुडं माझी सून सूप घेऊन उबी ऱ्हाईल? माज्या मनाला पटत नाय. माजा सोताचा ओवसा लय लांबला, सुमनताई. कधी पूर्वा नाय, कधी सुतक, कधी सासरा नाय म्हनला. शेवटाला कडेवर पोर घेऊन सूप धरलं मी. बाया हसल्या. निकिताचं तसं नाय व्हायला पायजे. मला रडू येतंय, पन काय करू, ते तोंड बगून माझा जीव घाबरतो."

दारात निकिता उभी होती. तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. फोटो बघून आलेलं हसू पार जिरलं.

तेवढ्यात सर बाहेर आले. सर म्हणजे मालतीताईंचे यजमान. हायस्कुलात इतिहास शिकवायचे, आता निवृत्त. पेणहून मुखवटा त्यांनीच आणला होता. मुखवटा झाकूनच न्यायचा असतो, पण ताब्यात घेताना मी त्यांना दाखवला होता. ते "छान आहे" म्हणाले होते.

"मला तर अजूनही छानच वाटतो," सर म्हणाले.

"तुमाला कसा कळंल? सिरियल लागली का उठून जाता," मालतीताई म्हणाल्या.

"जातो, कारण तू बोलू देत नाहीस. मालती, आज मी बोलणार आहे. थोरल्या बाईसाहेब नावाची कोणी बाई नव्हती."

"नवती म्हंजे? मी रोज बगते."

"त्या सरदाराला एकच बायको होती. धाकली-थोरली काही नाही. ही दुसरी मालिकावाल्यांनी घातलीय. सुरुवातीला पाटी येते बघ, मनोरंजनासाठी काही प्रसंग आणि पात्रं काल्पनिक आहेत म्हणून."

"पाटी येते तवा मी कुकर बंद करत असते," मालतीताई म्हणाल्या.

मीही तेव्हा चहा ठेवते.

"मग विष?" त्यांनी विचारलं.

"विष नाही."

"सरबत?"

"सरबतही नाही."

"मग दोन वरसं मी कोनाला शिव्या घालते?"

सरांनी घसा खाकरला. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना इतिहासातलं काही विचारलं होतं, त्यामुळे त्यांना हुरूप आला. ते ओट्यावर मधोमध उभे राहिले आणि वर्गात बोलायचे तसे बोलू लागले. "उलट तुझ्या त्या धाकल्या बाईसाहेब चांगल्या म्हाताऱ्या होऊन, नातवंडं खेळवून वारल्या. कारभारही बघितला त्यांनी."

मालतीताई एकदम सरांकडे वळल्या.

"वाचतात?" मालतीताईंनी अगदी हळू विचारलं.

"वाचतात म्हणजे काय, आणि तो विश्वासू किल्लेदार आहे ना, तो तर पुढच्याच लढाईत—"

"बाबा, नाय," निकिता ओरडली. मी दोन्ही कान बंद केले. आमचे हे, जे मालिका बघत नाही म्हणून सांगतात, तेही उठून टेम्पोकडे चालायला लागले. मालतीताईंनी तर सरांच्या तोंडावर पदरच धरला. किल्लेदाराचं काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि मी कोणाला सांगू देत नाही. इतिहास वाचलेल्या माणसाशेजारी मालिका बघणं किती धोक्याचं असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

सर मात्र खूश. "चाळीस मुलांच्या वर्गात कधी कोणी असा जीव टाकून इतिहास ऐकला नाही," असं ते पदराआडून म्हणाले.

मालतीताई विचारात पडल्या होत्या. "थोरली खोटी आनि धाकली खरी? येकाच सिरियलीत?"

"हो."

"येकाच वाड्यात ऱ्हातात त्या. जेवाय एकत्र बसतात."

"मालती, ते नाटक आहे."

त्या काही पटल्यासारख्या दिसल्या नाहीत. मी पिशवीतून ब्रश काढले, म्हटलं वाद होत राहील, आपण भुवई उतरवून घेऊ. आणि नेमकी त्याच वेळी निकिता आतून पाहुण्यांसाठी ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये कोकम सरबताचे ग्लास.

आम्ही सगळे त्या ट्रेकडे बघत राहिलो. लालभडक सरबत. निकितालाही कळलं की आपण काय घेऊन आलोय. पोरीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आता ही रडत आत जाणार आणि ओवसा गेला.

पण ती गेली नाही. तिने श्वास घेतला. मान ताठ केली. एक ग्लास उचलून सासूपुढे धरला, आणि तिची डावी भुवई अशी काही वर गेली, की माझ्या हातून तशी आखली जाणार नाही.

"घ्या, आईसाहेब," ती थोरल्या बाईसाहेबांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "खास तुमच्यासाठी. आम्ही स्वतःच्या हातांनी केलंय."

सरांनी पदर बाजूला केला. मालतीताई सुनेकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. इतक्या, की ओट्याच्या खांबाला धरून बसल्या.

"गो सटवे," त्या कशाबशा म्हणाल्या. "कुठं शिकलीस गो ही?"

"तुमच्याशेजारी बसून, आई."

यांनी मागून तोंडाने तुतारी वाजवली. मग कोणीच थांबायला तयार नव्हतं.

हसू आवरल्यावर मालतीताईंनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. त्यांचे वडील गावच्या उत्सवातल्या नाटकात दरसाल दुष्ट प्रधान करायचे. माणूस इतका गरीब, की कोंबडीलाही हुश म्हणायचा नाही. पण स्टेजवर असा प्रधान करायचा, की बाया बोटं मोडायच्या. एका वर्षी प्रधानाने राजकन्येला विहिरीत ढकललं. "तर माज्या आयेनं बापसाला दोन दिस जेवाय नाय वाडलं," मालतीताई म्हणाल्या. "मी लहान होती. मी आयेला सांगत होती, आये, ते नाटक होतं, राजकन्या आपल्या गावचा महादू होता. आये म्हनाली, महादू असंल नायतर कोन असंल, ढकललं कशाला? आमी पोरं आयेला लय हसलो. आनि आज मी त्याच जागी."

त्यांनी निकिताच्या हातातला ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"आता भुवई खाली घ्या, सुमनताई. नाटक व्हय, पन गौरीच्या कपाळावर नको."

मी कामाला लागले. भुवई खोडायची म्हणजे रबराने पुसायची गोष्ट नव्हे. पॉलिश पेपरने नुसता काळा रंग उडवायचा, खालचा थर खरवडायचा नाही. मग अंगाचा रंग बोटाने लावून कडा बेमालूम करायच्या, नाहीतर कपाळावर ठिगळ दिसतं. सर टॉर्च धरून उभे राहिले. उजेड एवढा हलत होता, की मी त्यांना टॉर्च भिंतीला टेकवायला सांगितली. हे पंख्याखाली मुखवटा फिरवत बसले. रंग वाळल्यावर मी भुवईची रेघ घेतली. मालतीताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"अजून खाली. अजून. थांबा, नको. आता लय भोळी दिसते. हिला कोनीबी फसवंल."

मी पुसली, परत काढली.

"आता रडकी."

परत. ओठाचा कोपरा सोडवला, बुबुळं समोर आणली. शेवटी भुवई एक केसभर वर ठेवली, डावी-उजवी सारखी. मालतीताई लांब जाऊन बघून आल्या.

"आता कोनावानी दिसते?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "माज्या थोरल्या आत्यावानी. ती पन अशीच, मायाळू, पन समोरच्याला जागेवर ठेवायची."

संध्याकाळी निकिताने गौर घरात आणली. कशाच्या पावलांनी आली, सोन्याच्या पावलांनी आली, असं दारात विचारून झालं. गौर सजली, बसली. तिच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही होता, पण सजावटीच्या माळा त्याच्यावर आल्या होत्या. मालिकेची वेळ झाली. मालतीताईंनी उठून माळा बाजूला केल्या आणि टीव्ही थोडा गौरीकडे वळवला.

"माहेरपनाला आलेय ती," त्या म्हणाल्या. "तिनंबी बगू दे."

सरही बसले, तोंड बंद ठेवायच्या बोलीवर. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनी सुरुवातीची ती पाटी वाचली. म्हणजे सरांनी ती मोठ्याने वाचली, कारण अक्षरं फार भरभर जातात. कुकर शिट्ट्या मारत राहिला. धाकल्या बाईसाहेब बेशुद्ध पडल्या होत्या, वैद्य नाडी बघत होता. वाचणार हे माहीत असूनही मालतीताई डोळे पुसत होत्या. मीही पुसले. मग पडद्यावर ती भुवई वर गेली.

"मर सटवे," मालतीताई म्हणाल्या.

"मालती, ती नव्हतीच," सर हळूच म्हणाले.

"म्हाईत हाय मला. म्हनून तर आता बिनघोर शिव्या देते. आधी वाटायचं, कोनाच्या तरी आजीला बोलते."

आम्हाला त्यांनी रात्री सोडलंच नाही. सकाळी गडबची मंडळी सुपं घेऊन आली. निकिता हिरव्या साडीत गौरीसमोर उभी राहिली, सूप हातात घेतलं आणि ओवसू लागली. मी गौरीच्या तोंडाकडे बघत होते, माझंच काम असून. ती त्या पोरीकडे चांगली बघत होती.

सूप घेऊन निकिता सासूच्या पाया पडली. मालतीताईंनी आधी तिच्या नाकात स्वतःची नथ घातली. मग मागून सरबताचा ग्लास काढला. बायका थांबल्या. मालतीताईंनी सगळ्यांदेखत पहिला घोट स्वतः घेतला, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग तो ग्लास सुनेच्या ओठाला लावला.

"घे गो. बगितलंस ना, मी जिती हाय."

घर हसून हसून दणाणलं. निकिता हसली आणि रडलीही. निकिताच्या आईला काही कळलं नाही, पण लेक सासूच्या गळ्यात पडलेली बघून तीही रडली. मीही रडले.

तेव्हापासून माझ्या कामात एक सुधारणा झाली. कंप्रेसर बंद केल्याशिवाय मी ऑर्डर घेत नाही, आणि कोणी थोरली म्हणालं की आधी विचारते, थोरली म्हणजे साइज की स्वभाव. गिऱ्हाइकं हसतात, पण नीट सांगतात. यंदा मालतीताईंचा फोन आला तेव्हा मी त्यांनाही तेच विचारलं.

"साइज थोरली करा," त्या म्हणाल्या. "सोभावाला मी हाय की घरात."